मोहल्ल्यातली विहीर अन् बोरिंग पुढच्या पिढीसाठी कशी जपायची

इंदूरला नर्मदेचं पाणी 1978 मधे आलं, तेही नर्मदेकाठच्या जलूदहून जवळपास 70 किलोमीटर पंपांनी वर चढवत, आणि घरोघर नळ आले तसे आपण विहिरींकडे बघणंच सोडलं. पण मोठी पाइपलाइन फुटली की दोन दिवसांत सगळे टँकरमागे धावतात, म्हणून पायाखालचं पाणी प्यायजोगं राहिलंच पाहिजे.

सगळ्यात आधी घाण थांबवा, रिचार्जचं, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं, नंतर. लोक नेमकं उलटं करतात. माळव्यात वर काळी माती, मग मुरूम आणि खाली काळा दगड, पाणी त्या दगडाच्या भेगांमधून पळतं, रेतीत गाळलं जातं तसं तिथं गाळलं जात नाही, एकदा मैला घुसला की शेजारच्या बोरिंगपर्यंत पोचतो. सेप्टिक टँक, शोषखड्डा विहिरीपासून निदान 18 मीटर लांब हवा, ड्रेनेजचं चेंबर गळतंय का बघा, बोरिंगचा पाइप जमिनीच्या फूटभर वर ठेवून भोवती सिमेंटचा ओटा करा. विहिरीत निर्माल्य टाकू नका, कृपा करून. सुकलेली बोरिंग माती-मुरमानं भरून वरून सिमेंटनं बंद करा, उघडी असली तर घाण सरळ खाली जाते आणि लहान मुलं पडतात ते वेगळंच.

मग छताचं पाणी. 1000 स्क्वेअर फूट छतावर 900 मिलिमीटर पाऊस धरला तर वाया जाणारं वजा करूनही 60 हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. आमच्या रामबागेतल्या घरी प्लंबरनं पाइप फिल्टरशिवाय सरळ बोरिंगमधे सोडला होता, पहिल्याच पावसानंतर बादलीत चहाच्या रंगाचं पाणी, कबुतरांच्या घाणीचा वास, आईनं हुंगलं आणि बादली उपडी केली. म्हणून मधे फिल्टरचा खड्डा पाहिजेच: खाली मोठे दगड, त्यावर गिट्टी, सगळ्यात वर जाड रेती, आणि रेती दरवर्षी धुवायची.

पावसाआधी आणि नंतर लॅबमधे पाणी तपासा. नायट्रेट, म्हणजे मैल्यातून आणि खतातून पाण्यात उतरणारा क्षार, लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत, आणि 100 मिलिलिटरमधे ई-कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू, एकही नको.

मे महिन्यात आणि दिवाळीनंतर दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा, दोरी कुठपर्यंत कोरडी राहिली ते मोजा, वहीत तारखेसकट लिहा. मेचा आकडा दरवर्षी वाढत असेल, म्हणजे पाणी खाली जात असेल, तर मोहल्ल्यात बसून बोला, नवी बोरिंग कुणी खोदायच्या आधी.

आणि जून लागायच्या आत छत झाडून घ्या, पहिल्या दोन पावसांचं पाणी नालीत जाऊ द्या.