पॉलीहाऊसचा पंखा गुरगुरतोय? मोटार खोलण्याआधी पॅड बघा

केळीच्या मृगबागेची (जून-जुलैच्या लागवडीची) टिश्यूकल्चर रोपं एप्रिल-मेमध्ये पॉलीहाऊसात हार्डनिंगला, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय करायला असतात, आणि नेमका तेव्हाच जळगावच्या रावेर-यावल-चोपड्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यात दुपारी पंखा गुरगुरायला लागला की आपण थेट मोटारवाल्याला फोन लावतो. बऱ्याचदा दुखणं मोटारीचं नसतं, हवेची वाट बंद झालेली असते.

एक साधी परीक्षा आहे. पंखे चालू असताना बाहेर उघडणारं दार ओढून बघा. ते आत चिकटल्यासारखं जड लागलं आणि उघडताच पंख्याचा सूर हलका झाला, तर पॅड, म्हणजे ज्या ओल्या कागदी जाळीतून पंखे हवा आत ओढतात ती, चोंदलं आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार तिथे साचतात. नखाने खरवडलं तर चुन्यासारखी पांढरी भुकटी निघते. वर लूची धूळ आणि शेवाळ. संध्याकाळी आधी पाण्याचा पंप बंद करा, पंखे अर्धा तास तसेच चालू ठेवा. पॅड वाळलं की शेवाळ मरतं. मऊ ब्रशने घासा, प्रेशर जेट मारू नका, कागदी पॅडचा लगदा होतो. टाकीतलं पाणीही अधूनमधून थोडं सोडून नवं भरा, नाहीतर क्षार दाटतच जातात.

बाहेरची बाजूही बघा. धुळीने अर्धवट उघडणारं पंख्याचं शटर खडखडतं. पंख्यासमोर निदान त्याच्या व्यासाच्या दीडपट जागा मोकळी हवी. आपण तिथे नेमके क्रेट आणि ठिबकच्या नळ्यांची बंडलं रचतो!

पात्यांच्या पंख्याची हवा कोंडली की भार वाढतो, अँपिअर चढतात, वाइंडिंग तापतं. दुपारी व्होल्टेज पडलं तर आणखीच. म्हणून क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवायच्या मीटरने) करंट मोजून मोटारीच्या नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडा. पॅड, शटर साफ असूनही घरघर येत असेल, तर मग बेअरिंग किंवा सैल पट्टा.

सावदा-रावेरकडे ज्यांचे रायपनिंग चेंबर (केळी पिकवायच्या थंड खोल्या) आहेत, त्यांनी मात्र हा हिशेब उलटा धरावा. तिथल्या कूलिंग युनिटमध्ये पिंजऱ्यासारख्या चाकाचा ब्लोअर असेल, तर फिल्टर किंवा कॉइल चोंदल्यावर करंट उलट कमी होतो आणि चाक जोरात फिरून आवाज चढतो. मीटर कमी दाखवतो म्हणून निश्चिंत राहाल आणि तिकडे मधल्या थप्पीतली केळी हिरवीच राहतील. मोटार याच हवेवर थंड होत असेल, तर करंट कमी असूनही तापते.

ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटार बंद करणारा) सारखा पडतोय म्हणून त्याला वायरने बायपास करू नका. मेमध्ये जळलेली मोटार रिवाइंड होऊन येईपर्यंत आतली रोपं होरपळतात.