अमेरिकेतले केनियन आणि ब्रिटिश : दोन स्थलांतरित समाजांची तुलना आकड्यांवर कशी करावी

अमेरिकेत राहणाऱ्या केनियन आणि ब्रिटिश लोकांची तुलना इंटरनेटवर तयार मिळते. उत्पन्न, शिक्षण, घरमालकी, बेकारी, सगळ्याला क्रमांक लावलेले असतात. यातल्या काही तक्त्यांत माणसं मोजलेलीच नसतात. ज्या काउंट्यांत (जिल्ह्यांसारख्या विभागांत) केनियन लोकांचं प्रमाण जास्त, तिथलं सरासरी उत्पन्न उचलून ते केनियनांच्या नावावर टाकलेलं असतं. अशा काउंटीतही केनियन मूठभरच असतात, म्हणजे तो आकडा खरं तर त्यांच्या शेजाऱ्यांचा. असला तक्ता दिसला तर पुढे वाचू नये.

स्वतः तुलना करणं फार अवघड नाही. माहिती फुकट आहे, एक्सेलपेक्षा थोडं जास्त येत असलं तर बरं. डोकं लागतं ते 'कोणाला मोजायचं' आणि 'कोणाशी' हे ठरवायला.

आधी माणसं ठरवा

अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोचं अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे हे दरवर्षीचं सर्वेक्षण जन्मदेश आणि वंशमूळ हे दोन वेगळे प्रश्न विचारतं. इथेच पहिला घोटाळा होतो. वंशमुळाच्या तक्त्यात (क्रमांक बी०४००६) 'ब्रिटिश' लिहिणारे बहुतेक जण अमेरिकेतच जन्मलेले असतात, काहींचे पूर्वज तर वसाहतींच्या काळात आलेले. 'केनियन' लिहिणारे मात्र बहुतांशी स्वतः आलेले किंवा आलेल्यांची मुलं. स्थलांतरितांची तुलना करायची असेल तर जन्मदेशाचा तक्ता घ्या, बी०५००६. त्यात केनिया पूर्व आफ्रिकेखाली आणि युनायटेड किंगडम उत्तर युरोपाखाली मिळतं. केनियात जन्मलेले दीड लाखाच्या आसपास, ब्रिटनमध्ये जन्मलेले सात लाखांच्या घरात.

तक्त्यावरून फक्त डोकी कळतात. वय, पगार, शिक्षण एकत्र पाहायचं तर व्यक्तिनिहाय फाइल लागते. तिला पम्स म्हणतात आणि ती सेन्ससच्या साइटवरून उतरवता येते. आयपम्स या मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकल्पाकडे हीच माहिती साफसूफ करून, नोंदणी केल्यावर मोफत मिळते. पाच वर्षांची फाइल घ्या, एका वर्षाची नको. एका वर्षात लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का नमुना असतो. केनियनांचे दीडेक हजार जण हाती येतात आणि वयोगट, लिंग, शिक्षण असे तुकडे पाडले की एकेका खान्यात वीस-पंचवीस माणसं उरतात. पाच वर्षांत सातेक हजार मिळतात. शिवाय २०२० सालची एक वर्षाची फाइल कोविडमुळे प्रतिसाद घसरल्याने ब्युरोने स्वतःच 'प्रायोगिक' म्हणून दिली होती. ती एकटी वापरू नये.

सेन्ससच्या फाइलीत जन्मदेशाच्या स्तंभात केनियाचा संकेतांक ४२७ (आयपम्सचे संकेतांक वेगळे). ब्रिटनला एकच अंक नाही: इंग्लंड, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि 'युनायटेड किंगडम, तपशील नाही' असे वेगवेगळे संकेतांक आहेत. वर्षाप्रमाणे त्यांत फरक पडतो, म्हणून आपल्या फाइलीची संकेतांकांची सूची उघडून सगळे गोळा करा. फक्त इंग्लंड घेतलं तर आपल्याला पत्ताही न लागता बरीच माणसं गळतात.

आता त्याच फाइलीतला नागरिकत्वाचा स्तंभ पाहा. त्यात ३ म्हणजे 'परदेशात अमेरिकन आईबापांपोटी जन्मलेले'. इंग्लंडमध्ये लेकनहीथ, मिल्डनहॉल इथे अमेरिकी हवाई दलाचे तळ आहेत. तिथे जन्मलेली सैनिकांची मुलं जन्मदेशाने ब्रिटिश दिसतात, पण ती स्थलांतरित नव्हेत. दोन्ही गटांत फक्त ४ (नंतर नागरिक झालेले) आणि ५ (नागरिक नसलेले) ठेवा. केनियाच्या बाजूला याने फारसा फरक पडत नाही, ब्रिटनच्या बाजूला पडतो.

एवढं करूनही 'केनियन' म्हणजे एकजिनसी गट होत नाही. केनियातल्या दादाब आणि काकुमा या निर्वासितांच्या छावण्या १९९१–९२ पासून आहेत. तिथे जन्मलेली सोमाली निर्वासितांची मुलं पुढे मिनेसोटात वगैरे वसली, त्यांचा जन्मदेश केनियाच. नैरोबीत जन्मून ब्रिटनमधल्या लेस्टरमार्गे न्यू जर्सीला पोचलेला गुजरातीही केनियनच. मधला मुक्काम हे सर्वेक्षण विचारत नाही. तेव्हा वंशमूळ आणि घरी बोलली जाणारी भाषा हे दोन स्तंभ लावून तीन उपगट पाडा: सोमाली, भारतीय वंशाचे आणि बाकीचे. निष्कर्ष कुठल्या उपगटाचा आहे ते लिहा.

वजन, महागाई आणि रिकामे खाने

फाइलीतली प्रत्येक ओळ अनेक माणसांच्या वतीने असते. पीडब्ल्यूजीटीपी या स्तंभात ती संख्या असते. प्रत्येक टक्केवारी आणि सरासरी त्या वजनाने काढायची. पाच वर्षांचे डॉलर एका पातळीवर आणायला एडीजेआयएनसी हा स्तंभ दहा लाखांनी भागून उत्पन्नाला गुणावा. हा भागाकार विसरला की पगार अब्जांत जातो, त्यामुळे ही चूक निदान लगेच कळते.

आयपम्सची फाइल वापरणाऱ्यांकडून होणारी चूक जास्त फसवी. तिथे 'लागू नाही' हे पगाराच्या स्तंभात ९९९९९९ असं लिहिलेलं असतं. ते काढलं नाही तर शाळकरी मुलंही दहा लाख डॉलर कमावतात, आणि ज्या गटात मुलं जास्त तो श्रीमंत दिसतो.

पगाराची सरासरी न काढता मध्यक काढा. ब्रिटिश गटात वित्त आणि तंत्रज्ञान कंपन्यांनी आणलेले बडे पगारदार असतात; थोडेच असले तरी सरासरी ओढून नेतात. पगार चढत्या क्रमाने लावा, शेजारी वजनं जोडत जा आणि एकूण वजनाच्या निम्म्यावर जो पगार येईल तो मध्यक.

वय : इथे निम्मी तुलना कोसळते

ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांत निवृत्त लोकांचा वाटा मोठा आहे, केनियात जन्मलेल्यांत अगदी लहान. याचा परिणाम किती होतो ते काल्पनिक आकड्यांवर पाहू. समजा दोन्ही गटांत रोजगाराचं प्रमाण अगदी सारखं आहे: २५–४४ वयात ८५ टक्के, ४५–६४ मध्ये ८० टक्के, ६५ च्या पुढे १५ टक्के. पहिल्या गटात या वयांची वाटणी ५५, ३८ आणि ७ टक्के. दुसऱ्यात २८, ३७ आणि ३५. गुणून बेरीज केली तर पहिल्या गटाचा रोजगार ७८.२ टक्के येतो, दुसऱ्याचा ५८.६५. जवळपास वीस टक्के-अंकांची तफावत आली, आणि वागण्यात फरक शून्य.

उपाय सोपा आहे. दोन्ही गटांना एकच वयरचना लावा, उदाहरणार्थ सगळ्या परदेशजन्मींची. प्रत्येक वयोगटाचा दर त्या-त्या गटाचाच ठेवायचा, पण गुणायचं या सामाईक वाटणीने. पगार, रोजगार, घरमालकी, विवाह, सगळ्यांना हेच. घाई असेल तर निदान २५ ते ५४ एवढीच माणसं घ्या आणि स्त्री-पुरुष वेगळे मोजा.

कधी आले, कसे आले

आगमनाचं वर्ष हा पुढचा स्तंभ. अनेकदा ये-जा केलेल्यांनी शेवटचं आगमन लिहायचं असतं, त्यामुळे शिकून परत गेलेला आणि पुन्हा आलेला केनियन 'नवा' दिसतो. पाच वर्षांच्या फाइलीत सर्वेक्षणाचं साल अनुक्रमांकाच्या पहिल्या चार अंकांत असतं. त्यातून आगमनवर्ष वजा केलं की मुक्कामाची वर्षं मिळतात. ०–५, ६–१०, ११–२० आणि त्यापुढे असे गट पुरतात. याच हिशेबाने आगमनाचं वयही काढा. दहाव्या वर्षी आलेला आणि तिसाव्या वर्षी आलेला यांची शिक्षणं वेगळ्या देशांत झालेली असतात, आणि पदवी कुठल्या देशातली हे सर्वेक्षण विचारत नाही.

एकाच फाइलीत पाच वर्षांपूर्वी आलेल्यांशी वीस वर्षांपूर्वी आलेल्यांची तुलना करून 'लोक एवढी प्रगती करतात' म्हणू नका. ती माणसं वेगळी आहेत. जॉर्ज बोर्हास या अर्थतज्ज्ञाने १९८५ मध्ये याच मुद्द्यावर आधीच्या हिशेबांना आव्हान दिलं होतं. प्रगती पाहायची तर २००० ते २००४ मध्ये आलेला जथा एका जुन्या आणि एका नव्या फाइलीत शोधा, वय दोन्हीकडे तेवढंच पुढे सरकवा.

कशा मार्गाने आले हे सर्वेक्षणात नसतं. त्यासाठी होमलँड सिक्युरिटी खात्याचं इमिग्रेशन आकडेवारीचं वार्षिक पुस्तक उघडा. त्यात ग्रीनकार्डं जन्मदेश आणि वर्गवारीनुसार दिलेली असतात. केनियाला व्हिसा लॉटरीचा, म्हणजे सोडतीने ग्रीनकार्ड देणाऱ्या योजनेचा, दरवाजा वर्षानुवर्षं उघडा होता, आणि तिची अट बारावीपर्यंतचं शिक्षण किंवा दोन वर्षांचा कुशल कामाचा अनुभव. ब्रिटन, उत्तर आयर्लंड सोडून, बहुतेक वर्षं या लॉटरीतून वगळलेलं असतं. ब्रिटिश माणूस येतो तो मुख्यतः लग्नाने, कंपनीच्या बदलीने किंवा नोकरी हातात घेऊन. पहिल्याच दिवशी पगार असणारा आणि विमानतळावरून चुलतभावाच्या घरी जाणारा यांचं पहिल्या वर्षाचं उत्पन्न सारखं निघालं तरच आश्चर्य.

नागरिकत्व घेण्याचं प्रमाण 'मिसळून जाण्याचं' माप म्हणून वापरलं जातं, तेही जपून. केनियात २०१० च्या राज्यघटनेपर्यंत दुहेरी नागरिकत्वाला परवानगी नव्हती. अमेरिकन झालं की केनियन नागरिकत्व जायचं. ब्रिटनला १९४८ पासून त्याचं वावडं नाही. तरी कित्येक ब्रिटिश वर्षानुवर्षं ग्रीनकार्डावर राहतात, कारण नागरिक होऊन त्यांना फार काही नवं मिळत नाही.

घर, राज्य, काम

कौटुंबिक उत्पन्नाचा आकडा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत निसरडा. ब्रिटिश बाई आणि अमेरिकन नवरा असं घर असेल तर ते उत्पन्न ब्रिटिशांचं म्हणायचं का? नियम आधी ठरवा: कुटुंबप्रमुख म्हणून नोंदलेली व्यक्ती त्या देशात जन्मलेली असली तरच घर मोजायचं, आणि उत्पन्नाला घरातल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. चार जणांच्या घराचे ८०,००० डॉलर मग ४०,००० होतात. निवृत्तांची घरं वेगळी काढा, त्यांचं कर्ज बऱ्याचदा फिटलेलं असतं.

केनियन लोक टेक्सास, मिनेसोटा, वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, जॉर्जिया अशा राज्यांत जास्त. ब्रिटिश कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, न्यू यॉर्कमध्ये. राज्यांची स्वस्ताई-महागाई ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिस दरवर्षी निर्देशांकाने देतं, देश म्हणजे १००. पगाराला राज्याच्या निर्देशांकाने भागून शंभराने गुणा.

कामाच्या बाबतीत रोजगाराच्या टक्केवारीवर थांबू नये. केनियन गट आरोग्यसेवेत एकवटलेला आहे: नर्स, नर्सिंग असिस्टंट, घरी जाऊन शुश्रूषा करणारे. नर्सिंग असिस्टंट व्हायला केंद्रीय नियमाने किमान ७५ तासांचं प्रशिक्षण पुरतं. नोंदणीकृत नर्स व्हायचं तर परदेशी नर्सिंग प्रमाणपत्रांची तपासणी आणि एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा. नैरोबीतली वाणिज्य पदवी घेऊन आलेला माणूस पहिल्या वाटेने दोन-तीन महिन्यांत पगार मिळवतो आणि तिथेच अडकू शकतो. म्हणून पदवीधर निवडा (शिक्षणाच्या स्तंभात २१ आणि त्यावर) आणि त्यांतले किती जण पदवी न लागणाऱ्या कामात आहेत ते काढा. आमच्या मते दोन गटांमधला फरक सर्वांत स्पष्ट दाखवणारं माप हेच.

समीकरण मांडणार असाल तर पगाराचा लॉग घ्या आणि वय, वयाचा वर्ग (वय गुणिले वय), लिंग, शिक्षण, मुक्कामाची वर्षं, राज्य, आठवड्याचे तास घाला. व्यवसाय घालू नका, किंवा घालून आणि न घालता अशी दोन्ही उत्तरं द्या. वंशभेदामुळे माणूस खालच्या कामात ढकलला गेला असेल, तर व्यवसाय समान धरल्यावर तोच भेद हिशेबातून पुसला जातो. इथे एक गट बहुतांशी काळा आणि दुसरा बहुतांशी गोरा आहे, हे विसरून चालत नाही.

किती खात्रीने बोलता येईल

प्रत्येक आकड्यासोबत त्रुटीची मर्यादा द्यावी लागते. पम्समध्ये मूळ वजनाखेरीज ८० जादा वजनं असतात. तोच आकडा ८० वेळा काढा, मूळ आकड्यापासूनचे फरक वर्ग करून बेरीज करा, ४/८० ने गुणा, वर्गमूळ घ्या. ही प्रमाण त्रुटी. तिला १.६४५ ने गुणलं की ९० टक्के खात्रीची मर्यादा. फरकासाठी दोन मर्यादांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं: केनियनांची २.४ आणि ब्रिटिशांची १.१ असेल तर २.६ येते. दोघांत ३ टक्के-अंकांचा फरक असेल तर तो जेमतेम टिकतो, २ चा असेल तर सोडून द्या.

घरी पाठवलेला पैसा यात कुठेच दिसत नाही, कारण सर्वेक्षण मिळकत विचारतं, घरी पाठवलेली रक्कम नाही. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने २०२३ साठी परदेशातून आलेली रक्कम ४१९ कोटी डॉलर दिली आहे आणि त्यात अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा. मात्र त्या रकमेला केनियन माणसांच्या संख्येने भागून 'दरडोई' काढू नये. पैसे पाठवणाऱ्या कंपन्या इतर देशांतली रक्कमही अमेरिकेमार्गे फिरवतात.

निष्कर्षाचं वाक्य लांबलचक झालं तरी चालेल: '२५–५४ वयाचे, अमेरिकेत ११ ते २० वर्षं राहिलेले, पदवीधर, पूर्णवेळ काम करणारे केनियाजन्मी पुरुष, राज्याची महागाई धरून, तशाच ब्रिटनजन्मी पुरुषांच्या इतके टक्के मिळवतात.' यातला एकही शब्द गाळला तर आकडा बदलतो.

हीच कृती अमेरिकेतल्या मराठी लोकांवर करायची असेल तर जन्मदेश 'भारत' एवढंच सांगतो, महाराष्ट्र नाही. भाषेच्या स्तंभात मराठीला स्वतंत्र संकेतांक आहे, तो वापरा. पण प्रश्न घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता असा असतो आणि नोंद एकाच भाषेची होते. घरात हिंदी किंवा इंग्रजीच चालते असं सांगणारी मराठी कुटुंबं त्यातून सुटतात, आणि ती बहुधा जास्त शिकलेली किंवा आंतरप्रांतीय लग्नांची असतात, हे टिपेत लिहून ठेवा.