सभेत मुद्दा पटवायचाय? वाक्याचा शेवट गिळू नका

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात, म्हणून हे आत्ताच लिहिते. हिशेब आणि मागचं इतिवृत्त तुम्ही वाचलेलं आहे, असं धरते. आवाज मागच्या रांगेला ऐकू जाईल इतका ठेवा.

‘आवाज जड काढा’ हा सल्ला मात्र ऐकू नका. बायकांना तो हमखास मिळतो. त्यात तथ्य आहे: २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात एकच वाक्य वरच्या आणि खालच्या पट्टीत ऐकवलं, तेव्हा बहुतेकांनी खालच्या पट्टीला मत दिलं. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनीही आवाज खाली आणला, पण तो रीतसर शिकून. ऐन सभेत घसा दाबून बोललात तर घसा दुखतो आणि बोलणं एकसुरी होतं.

मेहनत घ्यायची ती वाक्याच्या शेवटावर. मला हेच जमायला सर्वांत वेळ लागला. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी. ‘या खर्चाला मागच्या सभेने मंजुरी दिलेली नाही’ हे वाक्य घ्या. श्वास संपून ‘नाही’ पुटपुटलं गेलं, तर मागच्या रांगेला मंजुरी दिली असंच ऐकू येतं. सूर वर गेला तर विधानाचा प्रश्न होतो आणि सेक्रेटरी लगेच म्हणतात, “दिलीय हो, दिलीय!” शेवटी पट्टी उतरवा, जोर उतरवू नका. बहुतेक जण दोन्ही एकदम उतरवतात आणि तिथेच बोलणं डळमळीत वाटायला लागतं.

सराव उलटा करा. आधी नुसतं ‘दिलेली नाही’, मग ‘मंजुरी दिलेली नाही’, असं मागून पुढे वाक्य वाढवत न्या. श्वास वाक्याआधी घ्या. एका दमात मावत नसेल तर वाक्य तोडा. मग मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि पंखा लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ऐका. ‘नाही’ स्पष्ट आलं पाहिजे.

‘ना?’, ‘म्हणजे, मला आपलं असं वाटतं’ ही शेपटं काढा. खरंच खात्री नसेल तिथे ‘मला वाटतं’ जरूर म्हणा, पण वाक्याच्या सुरुवातीला आणि तितक्याच ठाम आवाजात.

वेग नेहमीचाच ठेवा. कोणी मध्येच बोललं तर घाई करू नका. त्यांचं झालं की तेच वाक्य त्याच पट्टीत पुन्हा म्हणा आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला सांगा.