पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत: गावात राहून हाफ मॅरेथॉनची तयारी

विदर्भातल्या कुठल्याही मोठ्या गावाबाहेर पहाटे पाचला जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी रस्त्यावर दिसतातच. पण हे धावणं बहुतेक वेळा १६०० मीटरचं असतं, मुलींचं ८०० मीटरचं. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. नवख्या माणसाला ते पुरं करायला दोन ते तीन तास लागतात. भरतीची सवय इथे आडवी येते. रोज जीव तोडून पळायचं, घड्याळ बघायचं, छाती भरून आली की थांबायचं, हे पाच-साडेपाच मिनिटांच्या धावेला चालतं. एकवीस किलोमीटरसाठी आधी हळू धावायला शिकावं लागतं, आणि तेच सगळ्यात अवघड जातं.

हळू म्हणजे किती? सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर धावता धावता आपला पत्ता मोठ्याने सांगा: नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. मध्येच श्वास तुटला तर वेग जास्त आहे. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढणाऱ्याचा तेव्हाचा वेग किलोमीटरला साधारण ३ मिनिटं २६ सेकंद असतो. त्याच मुलाने रोजचं धावणं किलोमीटरला ६ ते साडेसहा मिनिटांनी करावं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ८ मिनिटं लागली तरी हरकत नाही.

याला कारण आहे. सावकाश धावताना हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात आणि शरीर साखरेसोबत चरबीही जाळू लागतं. साखरेचा साठा मर्यादित असतो, जोरात धावलं की तो दीड तासाच्या आसपास आटत येतो. शिवाय दम महिना-दीड महिन्यात वाढतो, पण नळीचं हाड आणि टाचेमागची शीर मजबूत व्हायला कितीतरी महिने लागतात. दम आहे म्हणून अंतर वाढवत गेलं की आधी नळ्या दुखतात. नळीच्या आतल्या बाजूला वीतभर पसरलेलं दुखणं असेल तर आठवडा-दोन आठवडे धावणं निम्मं करा. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, पाय टेकवताना कळ येत असेल, तर ते हाडाला गेलेल्या बारीक तड्याचं लक्षण असू शकतं. मग धावणं पूर्ण बंद आणि डॉक्टरांकडे जा. असा तडा सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे साफ आला तरी दुखणं थांबेपर्यंत धावू नका.

तयारी कधी सुरू करायची

आपल्याकडे उन्हाळ्यात हाफची तयारी होत नाही. चंद्रपूर, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पहाटेही हवा तापलेलीच असते. त्या दिवसांत सहाच्या आत चार-पाच किलोमीटर उरकावेत, एवढंच. हाफला हंगाम हिवाळ्याचा. म्हणून पोळा झाला की सुरुवात करा आणि संक्रांतीच्या आसपासची स्पर्धा धरा. मध्ये साधारण साडेचार महिने मिळतात. तयारी सोळा आठवड्यांची आहे, उरलेले दिवस सोयाबीनची सोंगणी, दिवाळी आणि तापखोकल्यासाठी राखीव ठेवा. ते लागतातच.

सुरुवातीची अट एकच: न थांबता ३५-४० मिनिटं सावकाश धावता आलं पाहिजे. येत नसेल तर आधी महिनाभर दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं असं आलटून पालटून अर्धा तास करा. दर आठवड्याला धावण्याचं एक मिनिट वाढवा.

आठवड्यात चार दिवस धावणं पुरे. दोन दिवस पाच-सहा किलोमीटर सावकाश. एक दिवस थोडं जोरात: दहा-पंधरा मिनिटं हळू धावून अंग गरम करायचं, मग एकेक किलोमीटरचे चार-पाच तुकडे, तीन-चार शब्दच बोलता येतील अशा वेगाने, मध्ये दोन मिनिटं चालणं. हे सहाव्या आठवड्यानंतरच. आणि एक दिवस लांब धाव. लांब धावेसाठी आठवडी बाजाराचा दिवस धरा. बऱ्याच गावांत त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते, धावून आल्यावर दुपारी पडता येतं. रविवारच पाहिजे असं काही नाही.

लांब धावेची चढण अशी ठेवा: ६, ७, ८, परत ६ किलोमीटर. मग ९, १०, १२, परत ८. मग १३, १४, १६, परत १०. शेवटच्या चारात १७, १८, १२, आणि सोळाव्या आठवड्यात स्पर्धा. दर चौथ्या आठवड्याची उतरण गाळू नका, शरीराची डागडुजी तेव्हाच होते. तयारीत पूर्ण २१ धावून बघायची गरज नाही. १८ सावकाश झाले की स्पर्धेच्या दिवशी २१ होतात. आधीच २१ काढून बघणारे थकलेले पाय घेऊन स्पर्धेला जातात.

सोंगणीच्या दिवसांत दिवसभर वाकून काम झालेलं असतं. ते कामही पायांना आणि कंबरेला मोजावं लागतं. त्या दोन आठवड्यांत चार-पाच किलोमीटरच्या दोन धावा पुरेत. नंतर शेवटची लांब धाव जेवढी झाली होती, तिच्यापेक्षा दोन किलोमीटर कमीपासून पुढे चला. हुकलेल्या धावा एका आठवड्यात भरून काढायला गेलात की दुखापत ठरलेली. फवारणी केली त्या दिवशी धावू नका, आणि शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल तर तो रस्ता टाळा. धावताना माणूस एरवीपेक्षा कितीतरी पट हवा आत ओढतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, हे विसरण्यासारखं नाही.

कुठे धावायचं

पावसाळ्यात पांदण रस्ता नको. काळी माती जोड्याला थरावर थर चिकटते, पाय जड होतात, घसरून घोटा मुरगळतो. गवतात घोणस, मण्यार असतातच. दिवाळीनंतर मात्र बैलगाड्यांनी दाबलेली कोरडी पांदण किंवा कालव्याची पाळ ही धावायला उत्तम जागा. तोवर डांबरी रस्ता, वाहनांकडे तोंड करून, म्हणजे उजव्या बाजूने. अंधारात हातात टॉर्च आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट हवं. कानात इअरफोन नको, मागून ऊसाचा ट्रक आला तर कळायला हवं.

डांबरी रस्त्याची एक खोड आहे. पाणी वाहून जावं म्हणून तो मधोमध उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. कडेला पाण्याची बाटली आडवी ठेवा, घरंगळत साइडपट्टीकडे जाईल. तुम्ही जाताना उजव्या कडेने गेलात आणि येतानाही उजव्याच कडेने आलात, तर दोन्ही वेळा उजवाच पाय खालच्या बाजूला पडतो. महिनाभरात गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखायला लागतं आणि कारण कळत नाही. उजाडल्यावर रस्ता मोकळा दिसला की मधून धावा, किंवा लांब धाव शाळेच्या मैदानावर आणि रस्त्यावर वाटून घ्या. मैदानावरही दर दहा मिनिटांनी दिशा बदला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात, तसंच टिपेश्वर, बोर, नागझिरा या अभयारण्यांच्या आसपासच्या गावांत पहाटेच्या अंधारात जंगलालगतच्या रस्त्याने धावू नका. चांगलं उजाडल्यावर, दोघं-तिघं मिळून, वस्तीच्या बाजूचा रस्ता धरा. वाघ फिरतोय अशी बातमी असली तर त्या आठवड्यात शाळेच्या मैदानाच्या फेऱ्या मारा. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात वीज कडाडली की धावणं सोडून पक्क्या घरात जा, झाडाखाली नाही.

अंतर मोजायला रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड सगळ्यात सोपे. मोटारसायकलचा काटा थोडा इकडे-तिकडे दाखवतो, मोबाइलचं ॲप झाडीत चुकतं. एकदा दगड पाहून ५ किलोमीटरचं अंतर ठरवून घ्या आणि तेच पुन्हा पुन्हा वापरा.

जोडे आणि कपडे

पैसा टाकायचा तर धावण्याच्या जोड्यांवर टाका. भरतीवाल्यांचे पातळ तळाचे कॅनव्हास १६०० मीटरला चालतात, १६ किलोमीटरला नाही. जोडे संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर नखं काळी पडतात. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ बसतो. सुती बनियन घामाने भिजून घासते, त्यापेक्षा बाजारात मिळणारी फुटबॉलची पातळ जर्सी बरी. मांड्यांना, काखेत आणि मुलींनी ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलिन लावा. पुरुषांनी स्तनाग्रांवर कागदी चिकटपट्टी लावावी, पंधरा किलोमीटरनंतर तिथून रक्त येतं.

खाणं-पाणी

रोजचं जेवण चांगलंच आहे: भाकरी, तुरीचं वरण, भात, चून, भाजी, जवसाची चटणी. धावणारे कमी पडतात ते भात-भाकरीच्या प्रमाणात, वजन कमी करायच्या नादात. लांब धाव आहे त्या आदल्या रात्री एक वाढीव भाकरी किंवा वाढीव भात घ्या. तर्री, ठेचा, उसळ त्या रात्री नको, पहाटे पोट बिघडवतात.

एका तासावर धाव गेली की वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम साखरेचं खाणं लागतं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, सुपारीएवढा गुळाचा खडा साधारण १० ग्रॅमचा. पहिला घास ४५ मिनिटांनी, अंगात शक्ती असतानाच घ्या. हातपाय गळल्यावर खाल्लेलं पोटात पोचून उपयोगाला यायला वेळ लागतो. पाण्यासाठी एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका. बाटली आदल्या संध्याकाळी ठरलेल्या दगडाजवळ किंवा ओळखीच्या घरी ठेवून द्या. तहान लागेल तसे घोट घ्या. भीतीपोटी लिटरच्या लिटर साधं पाणी पिऊ नका, त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात.

तयारीआधी तपासण्या

हिमोग्लोबिन तपासून घ्या, विशेषतः मुलींनी. ते कमी असेल तर कितीही धावलं तरी दम वाढत नाही. आणि विदर्भात सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी टाळू नका. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या भागांत तो पुष्कळ कुटुंबांत आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. आजार असेल तर डॉक्टरांशिवाय ही तयारी नको. वाहक असाल, म्हणजे आजार नाही पण त्याचं जनुक अंगात आहे, तर धावता येतं, बहुतेकांना काही त्रासही होत नाही. पण उन्हात, पाणी कमी पडल्यावर किंवा एकदम जोर लावल्यावर वाहकाचे स्नायू तुटू शकतात. अंतर हळूच वाढवा, तापात किंवा जुलाबानंतर धावू नका. पाय अचानक निर्जीव, जड वाटले तर तिथेच थांबा, ‘थोडं राहिलं’ म्हणत ओढू नका. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत धावणाऱ्यालाही हे सांगून ठेवा.

दुखतंय म्हणून स्पर्धेआधी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडावर भार टाकतात.

स्पर्धेचा दिवस

नागपूर, अमरावती, कुठेही असो, स्पर्धा पहाटे सुटते आणि पहिली एसटी त्या वेळेला पोचत नाही. आदल्या दिवशी जा, नंबराचा कागद आणि वेळ मोजणारी चिप घ्या, पाहुण्यांकडे मुक्काम करा. तिथे आग्रहाचं झणझणीत सावजी जेवण नम्रपणे नाकारा. जेवण साधं, नखं दोन-तीन दिवस आधीच कापलेली, जोडे जुनेच. नवे जोडे स्पर्धेत पहिल्यांदा घालू नयेत. सुटण्याआधी दोन-अडीच तास पोहे किंवा दोन केळी आणि गूळ-पोळी, जे तयारीत खाऊन पाहिलंय तेच.

वेळेचा अंदाज असा काढा: १० किलोमीटरला लागणाऱ्या वेळेला २.२ ने गुणा. ६० मिनिटं असतील तर साधारण २ तास १२ मिनिटं, ७० असतील तर २ तास ३४. पहिलीच वेळ असेल तर त्यात पाच-दहा मिनिटं मिळवा. अडीच तासांत संपवायचं तर किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद पडतात. पहिले तीन किलोमीटर यापेक्षा १०-१५ सेकंद हळू धावा. ढोल वाजत असतात, सगळे सुसाट सुटतात, आणि इथेच भरतीची सवय उसळी मारते. त्या गर्दीतले कितीतरी जण पंधराव्या किलोमीटरला चालताना दिसतील. १६ पर्यंत ठरलेला वेग, मग जमलं तर वाढवा. पाण्याच्या टेबलाशी चालत पाणी प्या.

कुणी अडखळतोय, असंबद्ध बोलतोय, अंग तापलंय असं दिसलं तर उष्माघात समजा. सावलीत घ्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. थंड करणं आधी, गाडीत घालणं नंतर.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. तासाभरात वरण-भात किंवा दूध-केळी पोटात जाऊ द्या. पुढचे दोन-तीन दिवस मांड्या दुखतील, जिना उतरताना जास्त. त्या दिवसांत कापसाचे गाठोडे उचलू नका. पहिली धाव पाच-सहा दिवसांनी, तीन-चार किलोमीटर, सावकाश. भरतीचे १६०० मीटर जोरात पळायचे असतील तर दोन आठवडे जाऊ द्या.