इंग्रजी वाक्याचे मूलभूत साचे कसे ओळखावेत

मराठीत ‘मांजराने कुत्र्याचा पाठलाग केला’ आणि ‘कुत्र्याचा पाठलाग मांजराने केला’ या दोन्ही वाक्यांतून घटना तीच कळते, कारण पाठलाग करणारा कोण हे प्रत्ययांवरून ठरते. इंग्रजीत कर्ता आणि कर्म वेगळे दाखवणारे प्रत्यय नामांना लागत नसल्यामुळे ते काम शब्दक्रमाला करावे लागते. ‘द कॅट चेज्ड द डॉग’ यातील दोन नामांची अदलाबदल केली की पाठलाग कुत्रा करू लागतो. म्हणून साधे विधान रचताना प्रथम कर्ता आणि त्यानंतर क्रियापद ठेवावे, मग ते क्रियापद पुढे काय मागते हे पाहावे.

‘स्लीप’ काहीच मागत नाही, त्यामुळे ‘द बेबी स्लेप्ट’ एवढ्यावर वाक्य पूर्ण होते. ‘चेज’ला कर्म लागते. ‘बी’, ‘बिकम’, ‘सीम’ यांना मात्र कर्त्याविषयी सांगणारे पूरक हवे असते, जसे ‘ही सीम्स टायर्ड’. ‘हा माझा भाऊ’ असे क्रियापदाविना बोलण्याची आपल्याला सवय असते, पण इंग्रजीत ‘धिस इज माय ब्रदर’ यातील ‘इज’ गाळता येत नाही.

खरा गोंधळ होतो तो क्रियापदापुढे दोन घटक आले की. ‘शी गेव्ह मी अ पेन’ यात दोन कर्मे आहेत, तर ‘दे इलेक्टेड हर प्रेसिडेंट’ यात एक कर्म आणि त्याचे पूरक आहे. फरक ओळखण्यासाठी त्या दोन घटकांचे नाते तपासावे: निवडून आलेली ती अध्यक्ष आहे, पण ‘मी’ म्हणजे पेन नव्हे. दोन कर्मांपैकी व्यक्ती आधी येते. वस्तू आधी घेतल्यास ‘शी गेव्ह अ पेन टू मी’ असे ‘टू’ लावावे लागते. ‘एक्सप्लेन’ मात्र पहिली रचना स्वीकारत नाही, म्हणून ‘ही एक्सप्लेन्ड द रूल टू मी’ असेच लिहावे. अर्थावरून हे नेहमी ताडता येत नाही, त्यामुळे नवे क्रियापद वहीत एकटे न लिहिता शब्दकोशातील उदाहरणवाक्यासह उतरवून घ्यावे.

कर्त्याची जागाही रिकामी ठेवू नये. मराठीत नुसते ‘आलो’ म्हटले तरी बोलणारा कळतो, पण इंग्रजीत ‘आय केम’ असेच म्हणावे लागते. हवामानासारख्या विषयात खरा कर्ता नसतानाही ‘इट इज रेनिंग’ यातील ‘इट’ ती जागा भरून काढते.