हात मांडीखाली ठेवा

पाच वर्षांच्या पोराबरोबर खेळायला नवं काही विकत आणू नका. लुडोच्या मागच्या बाजूला सापशिडी छापलेली असते, ती पुरे. फासा मात्र ठिपक्यांचाच हवा, आकडे लिहिलेला नको. सुरुवातीला पोर एकेका ठिपक्यावर बोट ठेवून मोजतं, आणि मग एके दिवशी न मोजताच 'पाच' म्हणून मोकळं होतं.

शेजारी बसा. समोर बसलात तर पट तुम्हाला उलटा दिसतो आणि तुम्ही तो सारखा आपल्याकडे फिरवत राहता. बसलात की दोन्ही हात मांडीखाली घाला. हा नियम मी स्वतःसाठी केलाय. पहिले काही दिवस चिऊची सोंगटी मीच पुढे ढकलायचो. रात्रपाळीला जायची घाई असायची, डाव लवकर आटपावा एवढंच डोक्यात. मग लक्षात आलं की पोरगी पटाकडे बघतच नाही, माझ्या बोटाकडे बघते.

हात बांधले की चुका दिसायला लागतात. पहिली चूक बहुतेक सगळी मुलं करतात: सोंगटी जिथे उभी आहे त्याच घराला 'एक' म्हणतात. 7 वर उभं असताना 3 पडले की पोचतात 9 वर. 'चुकलं' म्हणून उपयोग नाही, कारण तिच्या हिशेबाने तीन घरं झालेलीच असतात. मी सांगितलं, "आधी उचल, मग टेकव. टक वाजलं की एक." दोन-चार दिवस घरात नुसती टकटक. नंतर ती चूक आपोआप गेली.

हे जमलं की 'एक, दोन, तीन' मोजणं बंद करा आणि घरातला आकडाच म्हणायला लावा. 27 वर आहे, 4 पडले: "अठ्ठावीस, नऊवीस..." इथे आमची गाडी अडली. तिचं काय चुकलं? सत्तावीस, अठ्ठावीस, मग नऊवीस का नाही? 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा मीही त्यावरचे विनोद पुढे पाठवले होते. चिऊशेजारी बसल्यावर ते तसं का केलं असेल ते कळलं. आता घरात आम्ही दोन्ही म्हणतो: "वीस नऊ, म्हणजे एकोणतीस."

आणि एकोणतीस समजवायला पटाइतकं सोपं काही नाही. सापशिडीत दर दहा घरांनी वळण येतं. 30 हे वळणावरचं घर, त्याच्या अलीकडचं एकोणतीस. 40 च्या अलीकडे एकोणचाळीस, 50 च्या अलीकडे एकोणपन्नास. "तिसाला एक कमी" हे तिथे बोट ठेवून दिसतं. नव्व्याण्णव तेवढा फटकून वागतो. "त्याला एकोणशंभर का नाही म्हणत?" असं चिऊने विचारलं, तेव्हा मी चहा ठेवायला उठलो.

मुद्दाम हरू नका. सापशिडीत बाप आणि पोर बरोबरीचेच, सगळं फाशावर. सापाने गिळलं की रडू येतं, येऊ द्या. डाव लांबला तर मोडू मात्र नका. वहीत तिच्याच हाताने लिहून घ्या: 'चिऊ 62, बाबा 38'. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू. आपण पुढे आहोत हे वाचायला ती सकाळी उठल्या उठल्या वही शोधते.

फासा कॉटखाली गेला तरी वाकून बघा, वर काय पडलंय. 4 असतील तर खाली 3. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी 7. हे तिला सांगू नका, सापडू द्या.

सहाव्या वर्षी तिला सापशिडीचा कंटाळा आला. साहजिक आहे, त्यात ठरवायला काहीच नसतं. तेव्हा माझ्या आईने फरशीवर खडूने 5 बाय 5 चा चल्लस-आठचा पट काढला. कर्नाटकात ह्यालाच चौका बारा म्हणतात. चारही कडांच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमध फुल्या. फुलीत कुणी कुणाला मारायचं नाही. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, जमवलेली बटणं चालतात. आपल्या फुलीतून उजवीकडे निघून बाहेरची 16 घरं फिरायची, मग आतल्या 8 घरांत उलट दिशेने वळायचं, शेवटी मध्यात. निघाल्यापासून 24 पावलं.

फाशाऐवजी चिंचोके फोडून चार अर्धुकं घ्या. जितकी पांढरी बाजू वर तितके दान. चारही काळी पडली तर आठ. चार किंवा आठ पडले, किंवा सोंगटी मारली, की पुन्हा टाकायचं. एक तरी मारल्याशिवाय आत जायचं नाही असा नियम आहे, पण लहानांना सुरुवातीचे काही डाव तो माफ करा.

इथे खेळीगणिक एकच प्रश्न विचारा, तोही सोंगटी उचलण्यापूर्वी: "कुठली चालवतेस, का?" उत्तर कसंही असो, चालवू द्या. चिऊ बरेच दिवस "निळी एकटी आहे म्हणून" चालवायची. मी दोनच सोंगट्या घेतो, ती चार. मग मुद्दाम हरावं लागत नाही. आणि दानांच्या रेघा मारून ठेवा. चिंचोके दोन्ही अंगांनी सारखे पडत असते तर 16 दानांत साधारण सहा वेळा दोन यावेत आणि एकदाच आठ. आईचे चिंचोके तसे पडत नाहीत. त्यातला एक लबाड आहे, आणि तो कुठला ह्यावर दोघींचं अजून एकमत नाही.

चिंचोके मोजून डबीत ठेवा, एक हरवला की डाव बसला. आमचे हिंगाच्या रिकाम्या डबीत असतात, त्यामुळे खेळून झालं की साबणाने हात धुवावे लागतात.