दोन बजर, दोन बटणं आणि दोनच तारा

एक सप्लाय, एक बटण, एक बेल हे सर्किट आयटीआयच्या सुरुवातीलाच सगळे करतात. कामावर आल्यावर मात्र हॉटेलमालक सांगतो, "वरच्या हॉलमधून किचनला बेल जायला पाहिजे आणि किचनमधून वर." नवीन मुलगा तेच सर्किट उलटसुलट दोनदा काढतो आणि चार तारा मागतो. चालतं ते, चूक नाही. पण पाइपमध्ये जुन्या दोनच तारा असतात, आणि भिंत फोडायचं नाव काढलं की मालकाचा चेहरा बघावा.

चाराच्या तीन करणं सोपं आहे. सप्लाय फक्त खाली ठेवा आणि मायनस दोघांना कॉमन करा. खालचं बटण दुसऱ्या तारेवर प्लस पाठवतं, त्यावर वरचा बजर वाजतो. तिसरी तार उलट वापरायची: खालच्या बजरचा प्लस कायम सप्लायवर, आणि त्याचा मायनस या तारेतून वर जाऊन वरच्या बटणामार्फत कॉमनला मिळतो. वरच्या बटणाला प्लस लागतच नाही, तिथे चौथी तार वाचली.

दोन तारांसाठी दोन्हीकडे आपापला 12 व्होल्टचा अडॅप्टर घ्या, आणि साध्या बटणाऐवजी तीन टोकांचं: कॉमन, एनसी (बटण मोकळं असताना कॉमनला जोडलेलं) आणि एनओ (दाबल्यावरच कॉमनला जोडलं जाणारं). दोन तारांपैकी एक लाइन, दुसरी परतीची म्हणजे रिटर्न. लाइन कॉमनला. एनसीवरून आपल्या बजरचा प्लस. एनओवर अडॅप्टरचा प्लस. बजर आणि अडॅप्टर दोघांचे मायनस रिटर्नला, आणि दुसऱ्या टोकाला हुबेहूब हेच. बटण मोकळं असताना लाइन बजरवर टेकलेली, म्हणजे दोन्ही टोकं कान देऊन बसलेली. दाबलं की आपला बजर लाइनवरून सुटतो, सप्लाय जोडला जातो आणि पलीकडचा वाजतो. एनसीचा स्क्रू बरेच जण रिकामा सोडतात. इथे सगळी किमया त्याचीच आहे.

दोघांनी एकदम दाबलं तर प्लससमोर प्लस येतो आणि कुठेच वाजत नाही. नुकसान काही नाही. पण एका अडॅप्टरचे प्लस-मायनस उलटे लागले असतील, तर एकदम दाबल्यावर दोन्ही सप्लाय सिरीजमध्ये येऊन शॉर्ट होतात. म्हणून रिटर्न काळा, लाइन लाल हे आधीच ठरवा आणि मीटर लावून खात्री करा.

एक भर मी नेहमी घालतो. अडॅप्टरचा प्लस आणि एनओ यांच्यामध्ये एक एलईडी आणि 330 ओहमचा रेझिस्टर. पलीकडच्या बजरमधून करंट गेला तरच एलईडी पेटतो, त्यामुळे दाबणाऱ्याला वर धावत जाऊन "वाजली का?" विचारावं लागत नाही. बजर मात्र 3 ते 24 व्होल्टवर चालणारा आणि 10 मिलिअँपच्या आसपास घेणारा हवा. त्याला साधारण साडेसहा व्होल्ट मिळतात. आवाज थोडा उतरतो, पण किचनच्या भांड्यांतूनही ऐकू येतो.

जुन्या पद्धतीची ठोक्याची बेल लांब अंतरावर टाळलेली बरी. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला 100 मीटरमागे साधारण 3.4 ओहम रेझिस्टन्स असतो, जाऊन-येऊन 7 धरा. बेल 300 मिलिअँप घेत असेल तर दोन व्होल्ट तारेतच जातात. बजरच्या 10 मिलिअँपला तोच हिशेब व्होल्टच्या दहाव्या भागाइतकाही होत नाही.

आता कोणी हुशार विचारतोच, रिटर्नही काढून अर्थिंग वापरलं तर? कल्पना जुनी आणि खरी आहे. जर्मनीत श्टाइनहाइल या शास्त्रज्ञाने 1838 मध्ये टेलिग्राफची परतीची तार काढून जमिनीतून करंट परत आणून दाखवला, आणि पुढे टेलिग्राफच्या लाइनी एका तारेवर चालल्या. पण इमारतीचं अर्थिंग हे माणसाचा जीव वाचवण्यासाठी असतं, त्यावर बजर चालवायचा नाही. तसंच ही 12 व्होल्टची जोडी 230 व्होल्टच्या पाइपमधून ओढायची नाही. जुन्या तारा तिथूनच गेल्या असतील तर भिंतीवरून वेगळी पट्टी मारा.

पाइपला हात लावण्याआधी सगळं टेबलावर जोडून घ्या, दोन्ही बाजूंनी दाबून बघा आणि मग स्टाफबरोबर ठोके ठरवा. रेल्वेत पुढच्या स्टेशनकडे गाडी सुटली की तीन ठोके देतात. हॉटेलात एक म्हणजे ऑर्डर तयार, दोन म्हणजे माणूस पाठव, एवढं पुरतं. ते कागदावर लिहून बटणाशेजारी चिकटवा, कारण वेटर दर महिन्याला बदलतात.